हा झेंडा कोणाचा?

17 नोव्हेंबर 1817. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर तुम्ही उभे आहात. खडकीची लढाई होऊन बारा दिवस झालेत, बाजीराव पेशवा शहर सोडून निघून गेलाय, पेठांमधल्या वाड्यांची दारं आतून अडसर घालून बंद आहेत. वर वाड्यावर इंग्रजांच्या बाजूचे बाळाजीपंत नातू भगव्याच्या जागी युनियन जॅक चढवतायत. तुमच्या आजूबाजूचं कोणी मान वर करून बघत नाही आणि तरी ते प्रत्येकाला दिसतंय. त्या कापडावरचा लाल क्रूस कुठल्या संताचा, पांढरा कुठल्या संताचा, हे इथल्या एकालाही ठाऊक नाही. त्याची गरजही नाही. झेंडा दिसला की पुणेकराला एकच प्रश्न पडतो, तो म्हणजे कोणाचा?

पुढे जाण्याआधी एक अट. या सफरीत तुम्ही पुरुष आहात आणि तुमचा जीव पुरुषावर जडतो. प्रत्यक्षात तसं नसेल तर तेवढ्यापुरतं समजा, काही बिघडत नाही.

त्या झेंड्यामागून बरंच काही आलं. रेल्वे आली, कॉलेजं आली, आणि 1860 साली भारतीय दंडसंहिता आली. 1 जानेवारी 1862 पासून ती लागू झाली आणि तिच्या 377 व्या कलमाने तुम्हाला गुन्हेगार ठरवलं. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, मग दोघांची राजीखुशी असो वा नसो. इंग्लंडने स्वतःकडे 1967 साली हा जाच बराचसा सैल केला. पुण्यात तो तुमच्या मानगुटीवर त्यानंतर आणखी अर्धं शतक बसणार आहे.

ज्यांचा कायदा, त्यांच्याच राजधानीत जरा डोकावून या. 20 फेब्रुवारी 1892, लंडनचं सेंट जेम्स थिएटर, ऑस्कर वाइल्डच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. वाइल्डच्या आणि त्याच्या मित्रमंडळींच्या कोटाला हिरव्या रंगाचं कार्नेशन आहे. मावळातल्या पॉलिहाउसमध्ये आज पिकतं तेच फूल, पण त्या हिरव्या रंगात ते झाडावर उमलत नाही, रंगवावं लागतं. कायदा म्हणतो निसर्गाविरुद्ध, आणि हे गृहस्थ निसर्गात नसलेल्या रंगाचं फूल छातीवर लावून येतात. निव्वळ खोडी. ज्याला कळायचं त्याला कळतं, बाकीच्यांना फॅशन वाटते. तीन वर्षांनी वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

आता मुंबई, 1934. कोर्टात बाकावर तुम्हाला कशीबशी जागा मिळालीय. आरोपी म्हणजे काटकुळा, चष्मेवाला, कोणाची भीड न बाळगणारा माणूस, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा विद्यार्थी, गणिताचा प्राध्यापक, आणि 1927 च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक स्वतःच्या खिशाला खार लावून चालवणारा संपादक. खटला मासिकाच्या गुजराती अंकावरून आहे. वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारले, कर्व्यांनी त्यांना सरळ उत्तरं दिली, आणि सरकारच्या मते ती अश्लील आहेत.

आरोपीचे वकील उठतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दीडच वर्षापूर्वी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करारावर सही केलेले. केवढी कामं डोक्यावर असताना हा माणूस एका मासिकाच्या प्रश्नोत्तरांसाठी उभा राहतो, याचं तुम्हाला नवल वाटतं. लैंगिक प्रश्नांवर लिहिलेलं सगळंच अश्लील कसं, असा त्यांचा सवाल आहे. लैंगिकतेचा अभ्यासक हॅवलॉक एलिस याच्या संशोधनाचा ते दाखला देतात. त्यांच्या युक्तिवादाचा रोख असा की लोकांना प्रश्न पडतात, तर त्यांना ज्ञानच द्यायला हवं. न्यायाधीशांना ते पटत नाही. कर्व्यांना 200 रुपये दंड होतो. (या माणसावर अजित दळवींनी नाटक लिहिलं आणि पुण्याच्या अतुल पेठेंनी ते 2017 साली रंगमंचावर आणलं. तोवर कर्वे जाऊन साठहून अधिक वर्षं झाली होती.)

तुम्ही मात्र बाकावर बसून त्या वाचकांचा विचार करताय. ज्यांनी तो प्रश्न पोस्टात टाकला, त्यांचा. त्यांच्यातला कोणी कोर्टात आला असेल का? तुमच्याच शेजारी बसला असेल का? तुम्ही उजवीकडे बघता, डावीकडे बघता. कोणाच्या कोटाला फूल नाही. ओळखीची खूणच नसेल तर भरलेल्या खोलीतही माणूस एकटा. झेंडा लागतो तो इथे. जगाला दाखवायला नंतर, आधी एकमेकांना सापडायला.

जून 1978. सॅन फ्रान्सिस्को, 330 ग्रोव्ह स्ट्रीट, गे कम्युनिटी सेंटरचा वरचा मजला. इथे जरा टेका, कारण खरं काम इथे चाललंय. कचऱ्याचे मोठाले पिंप भरून गरम पाणी, त्यात मीठ आणि रंग, आणि त्यात बुडवलेलं कोरं सुती कापड. आपल्याकडे ज्याला मांजरपाट म्हणतात तसंच, पण थानच्या थान. तीसेक पोरंपोरी ते ढवळतायत. गिल्बर्ट बेकर, कॅन्सस नावाच्या सनातनी मुलखातला, लष्करातून सुटलेला, स्वतःच शिवणकाम शिकलेला. लिन सेगरब्लोम, कापड रंगवण्यात जिचा हात धरणारं कोणी नाही अशी बाई. जेम्स मॅकनमारा, शिलाई यंत्रावर वाकलेला. पुढची कित्येक वर्षं नाव एकट्या बेकरचं घेतलं जाणार आहे. रंगवणारी बाई मागे पडणार आहे. हक्काच्या चळवळीतही हे असं होतं, याची नोंद करून ठेवा.

आतापर्यंत यांच्याकडे खूण होती ती गुलाबी त्रिकोणाची. नाझींनी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर शिवलेली. ती उलटून अभिमानाने मिरवायचं धाडस मोठंच, पण शिवली होती मारेकऱ्याने. बेकरला स्वतःच्या हाताने शिवलेलं काहीतरी हवं होतं. सार्वजनिक पदावर निवडून आलेला, आपण गे आहोत हे न लपवणारा हार्वी मिल्क हा त्याचा मित्र. त्यानेही चळवळीसाठी नवं चिन्ह कर म्हणून टुमणं लावलेलं.

रंगवलेलं कापड धुवायला म्हणून सगळे रात्री सार्वजनिक लाँड्रीत घुसतात. तिथे रंगाचे कपडे टाकायला मनाई आहे. तुम्हीही एक ओला गठ्ठा खांद्यावर घेतलाय, त्याचं जांभळं पाणी पाठीवरून ओघळतंय. काम झाल्यावर यंत्रांत ब्लीच ओतून पळ काढायचा, म्हणजे सकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाची बनियनं गुलाबी व्हायला नकोत. 25 जूनला तीस फूट बाय साठ फुटांचे दोन झेंडे युनायटेड नेशन्स प्लाझात चढतात. आठ पट्टे आहेत. गुलाबी म्हणजे लैंगिकता, लाल म्हणजे आयुष्य, नारिंगी म्हणजे जखमा भरून येणं, पिवळा ऊन, हिरवा निसर्ग, फिरोजी जादू आणि कला, निळा शांतपणा, जांभळा चैतन्य.

हिरवा निसर्ग! ज्यांना पिढ्यानपिढ्या निसर्गाविरुद्ध म्हटलं, त्यांनी आपल्या झेंड्यात निसर्गाला मधोमध बसवलं.

त्याच वर्षी 27 नोव्हेंबरला हार्वी मिल्कचा खून झाला आणि शहरभर या झेंड्याला मागणी आली. मग गंमत बघा. पहिला गळाला तो गुलाबी, म्हणजे लैंगिकतेचाच. पुण्यात हे सांगितलं की काही लोकांना फार बरं वाटतं, “बघा, तिकडच्यांनाही शेवटी लाज वाटलीच.” छे हो. तयार गुलाबी कापड घाऊक मिळेना, इतकंच. पुढच्या वर्षी मार्केट स्ट्रीटच्या दिव्याच्या खांबांवर दोन्ही बाजूंना झेंडा अर्धा-अर्धा लावायचा होता, सात पट्ट्यांचे दोन सारखे भाग होईनात, म्हणून फिरोजी काढला. जादू गेली दिव्याच्या खांबापायी. उरलेले सहा आज जगभर दिसतात. त्यामुळे कोणी गंभीर चेहऱ्याने सहा रंगांचा तक्ता समजावून सांगू लागला की मला आधी कापडवाला आठवतो.

कापडवाल्यावरून पुण्यात परत या. डिसेंबर 2011. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली काढलेला समपथिक ट्रस्ट शहरातला पहिला प्राइड मार्च काढतोय. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 च्या जुलैत 377 ची नांगी मोडलीय, पण त्यावरची अपिलं सर्वोच्च न्यायालयात पडून आहेत, म्हणजे निम्मंअर्धंच सुटलोय. तुम्ही लक्ष्मी रोडवरून सहा रंगांचं कापड घेऊन नारायण पेठेतल्या एका टेलरकडे आलात.

“सॅटिन आणलंत? सुळसुळतं ते, टाक्याला धरत नाही,” तो म्हणतो. “आणि काठीसाठी नेफा किती ठेवू?”

“दोन इंच.”

तो कापडं फळीवर एकाखाली एक लावून बघतो. “कुठल्या मंडळाचा?”

“मंडळाचा नाही.”

“मग पक्षाचा?” आता त्याच्या आवाजात सावधपणा येतो. “भगवा आहे, खाली हिरवा पण आहे, आणि मग निळा. नक्की कोण तुम्ही?”

बेकरला ग्रोव्ह स्ट्रीटवर हा प्रश्न कोणी विचारला नसता. महाराष्ट्रात रंग मोकळे नाहीत. प्रत्येकाचा मालक ठरलेला आहे. भगवा वारकऱ्यांचा आणि शिवसेनेचा, निळा भीमजयंतीचा, हिरवा दर्ग्याचा, लाल कामगारांचा, पिवळा जेजुरीच्या भंडाऱ्याचा. गळालेला गुलाबी गणपती विसर्जनाच्या गुलालात गेला म्हणायचा. तिकडे हे सहा रंग एकाखाली एक आले की इंद्रधनुष्य दिसतं, इकडे सर्वपक्षीय बैठक. मला विचाराल तर पुण्यात या झेंड्याचा सगळ्यात मोठा अर्थ हाच आहे, आणि तो बेकरच्या मनातही नव्हता. जे रंग एरवी एकमेकांशेजारी बसायला तयार नसतात, ते इथे एका टाक्यात शिवले जातात. कारण गे मुलगा यातल्या प्रत्येक रंगाच्या घरात जन्माला येतो. सदाशिव पेठेत येतो, ताडीवाला रोडला येतो, मोमीनपुऱ्यात येतो.

हे सगळं टेलरला सांगायचं धैर्य तुमच्यात नाही. तुम्ही म्हणता, “गॅदरिंगसाठी हवाय.” पावतीवर नाव सांगताना ‘जोशी’ म्हणता. पुण्यात जोशी म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही.

मार्चच्या दिवशी तुम्ही डोळ्यांच्या खाली रुमाल बांधता. बाकी गावांत अशा वेळी मुखवटे घालावे लागतात. पुण्यात दुचाकीवाल्यांच्या कृपेने तोंड बांधलेल्या माणसाकडे कोणी ढुंकून बघत नाही. हातात झेंडा उघडा आहे, चेहरा झाकलेला. सोबत फार लोक नाहीत. पण वळून बघता तर मागच्या रांगेत ऑफिसमधला एक चेहरा, तोही अर्धा झाकलेला. डोळ्यांवरून ओळख पटते. त्याने तुम्हाला बघितलं, तुम्ही त्याला. दोघंही झटकन समोर बघता. सोमवारी कँटीनमध्ये चहाचा कप उचलताना तो फक्त भुवई उडवतो. कोर्टातल्या त्या बाकावर जे मिळालं नव्हतं ते इथे मिळालं.

11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला आणि तुम्ही पुन्हा गुन्हेगार झालात. त्यानंतरच्या अशाच एका वर्षी संभाजी उद्यानाच्या दारात या. जंगली महाराज रस्ता, डेक्कन, गुडलक चौक, फर्ग्युसन रस्ता. याच फर्ग्युसन रस्त्याने आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या जातात, पताकांनी रस्ता भगवा होतो. आज तो सहारंगी आहे. कायदा पाठीशी नाही आणि गर्दी मात्र वाढलीय. वैशालीसमोर टेबलाची वाट बघत थांबलेले एक आजोबा तुम्हालाच थांबवतात. “काय हो, कोणाचा मोर्चा?”

तुमच्या तोंडावर आज रुमाल नाही. “आमचा,” तुम्ही म्हणता.

“आमचा म्हणजे?”

“समलिंगी लोकांचा, आजोबा.”

ते पत्रक घेतात, चष्मा वर करून नीट वाचतात, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवतात आणि घडी घालून खिशात ठेवतात. पसंत-नापसंत काही नाही. पुण्यात याला स्वागत म्हणायला हरकत नसावी.

मोर्चात सगळं गोडीगुलाबीने चालतं असं समजू नका. एका वर्षी ‘नीटनेटक्या कपड्यांत या’ असं आवाहन झालं आणि त्यावरून रण माजलं. एकांचं म्हणणं, घरच्यांना, शेजाऱ्यांना आपण चारचौघांसारखेच दिसलो पाहिजे. दुसऱ्यांचं म्हणणं, चारचौघांसारखंच दिसायचं तर घरीच बसलो असतो की! मी दुसऱ्यांच्या बाजूचा. नीटनेटकेपणाने आपल्याला कोणी काही दिल्याचं मला आठवत नाही. पण पहिल्यांचा घोरही खोटा नव्हता. संध्याकाळी त्याच वाड्यात, त्याच जिन्याने वर जायचं असतं.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेलं प्रेम 377 मधून वगळलं. नातूंनी चढवलेला झेंडा 1947 साली उतरला होता. त्याखालून आलेलं हे कलम त्या दिवशी उतरलं.

आणि मग नवाच घोळ. आता झेंडा एक राहिलेला नाही. ट्रान्सजेंडर लोकांचा फिकट निळा-गुलाबी-पांढरा 1999 पासून आहे, बायसेक्शुअल लोकांचा 1998 पासून. 2018 मध्ये लेस्बियन बायकांचा नारिंगी-गुलाबी आला. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचा स्वतःचा असा मात्र कुठे होता? इंद्रधनुष्य तर सगळ्यांचं झालेलं, जूनमध्ये कंपन्यांच्या लोगोंचंसुद्धा. 2019 साली टम्बलरवर एकाने एक झेंडा मांडला. वर हिरव्याच्या तीन छटा, मध्ये पांढरा, खाली निळ्या-जांभळ्याच्या तीन. हिरव्यात समाज, घाव भरणं आणि आनंद, निळ्या-जांभळ्यात निर्मळ प्रेम, मनोधैर्य आणि वैविध्य, आणि मधला पांढरा ट्रान्स व इतर चाकोरीबाहेरच्या पुरुषांना सामावणारा. हिरवा दिसला की वाइल्डचं ते रंगवलेलं फूल आठवतं.

या झेंड्याला ना पिंप लागले, ना मीठ, ना लाँड्रीतली चोरी. पडद्यावर जन्मला आणि बहुतेक पडद्यावरच राहतो, डीपीत नाहीतर इवल्याशा बिल्ल्यावर. सुरुवातीला मला तो चोचला वाटायचा. चळवळीत पुरुषांचाच आवाज आधी मोठा, त्यात आणखी वेगळा झेंडा कशाला? पण आपल्याकडची एक अडचण तिकडच्यांना नाही. मराठी घरात मुलगा “मी गे आहे” म्हणाला की आईच्या डोळ्यांपुढे सिग्नलवर टाळी वाजवणारी व्यक्ती येते. तृतीयपंथी आणि समलिंगी यांची सरमिसळ आपल्या डोक्यात पक्की बसलीय. त्या आईला “मी पुरुषच आहे, आणि मला पुरुष आवडतो” हे समजवायला इंद्रधनुष्य पुरत नाही. निळा-हिरवा झेंडा तेवढंच नेमकं म्हणतो, आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यामुळे टाळी वाजवणाऱ्यांशी नातं तोडत नाही. देखणा आहे, नेमका आहे. थोडा भित्राही आहे म्हणा, कारण अनोळखी माणसाला तो पाणीपुरवठ्याच्या कंपनीचा वाटतो. पुण्यात बऱ्याच जणांना तेच सोयीचं पडतं.

शेवटचा मुक्काम, सप्टेंबर 2024. सर्वोच्च न्यायालयाने गेल्या वर्षी 17 ऑक्टोबरला समलिंगी लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलंय. पण या 28 ऑगस्टला अर्थखात्याने खुलासा केलाय की दोघांना मिळून बँकेत खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. कोथरूडच्या एका बँकेत काउंटरपुढे तुम्ही दोघं उभे आहात. फॉर्मवर ‘नाते’ असा रकाना आहे आणि तुम्ही तिथे अडलायत. दुचाकीवरून आलेला तुमचा जोडीदार रुमाल सोडून खिशात कोंबतोय.

काउंटरपलीकडच्या बाई तुमच्या सॅकच्या पट्ट्यावरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवतात. “छान आहे. कुठल्या कंपनीचा?”

“कंपनीचा नाही, मॅडम. गे पुरुषांचा झेंडा आहे.”

त्या बिल्ल्याकडे बघतात, तुमच्याकडे बघतात, त्याच्याकडे बघतात. मग फॉर्म स्वतःकडे फिरवून रिकाम्या रकान्यावर पेन टेकवतात.

“जोडीदार लिहा. आणि आधारच्या झेरॉक्स दोघांच्याही लागतील, सही करून. समोरच्या दुकानात मिळतील, पण लवकर जा, एकला तो बंद करतो.”